शेतकरी बाजार, स्थानिक अन्न उपक्रम आणि भूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी बाजार नेमका कशाला म्हणावे? रोजच्या भाजीबाजाराहून तो वेगळा कसा?

माल पिकवणारा माणूस, त्याच्या घरचे लोक किंवा त्याच्या शेतावर राबणारे कोणी ज्या बाजारात स्वतः उभे राहून स्वतः पिकवलेला माल खाणाऱ्याला थेट विकतात, त्याला शेतकरी बाजार म्हणावे. या व्याख्येचा सगळा भार 'स्वतः पिकवलेला' या दोन शब्दांवर आहे. घाऊक बाजारातून पहाटे माल उचलून तो दिवसभर विकणारा विक्रेता काही गैर करत नसतो; पण तोच माल 'आमच्या शेतातला' म्हणून तो विकू लागला की शेजारच्या खऱ्या शेतकऱ्याला त्याच्या भावाशी टक्कर देता येत नाही आणि एक-दोन हंगामांत शेतकरी यायचे बंद होतात. म्हणून नीट चाललेल्या बाजारांत नियम लेखी असतात, कोणी कोणते पीक किती क्षेत्रावर लावले आहे याची नोंद हंगामापूर्वीच घेतली जाते आणि शंका आल्यास व्यवस्थापक थेट शेतावर जाऊन पाहणी करतो.

ही कल्पना जुनीच आहे. नवे आहे ते तिचे पुनरुज्जीवन. न्यू यॉर्क शहरातील 'ग्रीनमार्केट' १९७६ च्या जुलैमध्ये एका मोकळ्या भूखंडावर मोजक्या शेतकऱ्यांनिशी सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने शेतकरी ते ग्राहक या थेट विक्रीला उत्तेजन देणारा कायदा केला. त्या देशाच्या कृषी खात्याच्या नोंदींत १९९४ मध्ये १,७५५ शेतकरी बाजार होते. २०१९ पर्यंत ही संख्या ८,७०० च्या वर गेली.

'स्थानिक अन्न उपक्रम' हा शब्द याहून व्यापक आहे. शाळांसाठी जवळच्या शेतांवरून होणारी खरेदी, गरजू कुटुंबांना दिली जाणारी भाजी-फळांची कूपने, ग्राहकांनी हंगामाआधी भरलेली वर्गणी, उरलेला माल गोळा करणाऱ्या अन्नपेढ्या आणि सामुदायिक बागा हे सगळे त्यात येते.

जगात अन्न पुरेसे पिकते असे म्हणतात. मग लोक उपाशी का राहतात?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपासमारीला तोंड देत होते आणि सुमारे २६० कोटी लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. भाजी, फळे, डाळी, दूध असा पौष्टिक आहार ज्यांना परवडत नाही, अशा माणसांची संख्या उपाशी माणसांच्या जवळपास चौपट आहे आणि शेतकरी बाजारांचा थेट संबंध पहिल्या आकड्यापेक्षा या दुसऱ्या आकड्याशी अधिक येतो.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करताना अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की त्या वर्षीचा अन्नपुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. ते अन्न विकत घेण्याची किंवा त्यावर हक्क सांगण्याची ताकद मात्र शेतमजूर, मच्छीमार आणि कारागिरांच्या हातून निसटली होती. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण मूळ मुद्दा टिकला. १९९६ च्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात अन्न असण्याइतकेच ते हाती पडण्यालाही महत्त्व आहे. पुढे या विचाराला चार बाजू मानल्या गेल्या : अन्न उपलब्ध असणे, ते मिळवता येणे, शरीराला त्याचा नीट उपयोग होणे आणि हे सारे वर्षभर टिकणे.

हा प्रश्न एवढ्या विस्ताराने मांडण्याचे कारण असे की, शेतकरी बाजाराची बाजू मांडणारे बरेच जण फक्त पहिल्या बाजूबद्दल बोलतात. बाजार भरला, ताजा माल आला, म्हणजे भूक घटली, असे त्यांना वाटते. खिसा रिकामा असलेल्या माणसाला समोरचा ढीग दिसला तरी तो त्याच्या कामाचा नसतो.

थेट विक्रीत शेतकऱ्याला खरोखरच जास्त मिळते का?

हाती पडणारी रक्कम जास्त असते, पण ती सगळीच नफा नसते. अमेरिकेत ग्राहकाने देशी अन्नावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरपैकी साधारण १५ सेंट शेताच्या वाट्याला येतात. बाकीचे प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, घाऊक व किरकोळ विक्री आणि हॉटेल यांच्यात वाटले जातात. थेट विक्रीत ही साखळी तुटते हे खरे असले, तरी साखळीतील कामे नाहीशी होत नाहीत; ती शेतकऱ्याच्याच अंगावर येतात. माल निवडणे, धुणे, भरणे, वाहून नेणे, गाळ्याचे भाडे देणे, दिवसभर उभे राहणे, सुट्टे पैसे सांभाळणे, न खपलेला माल परत नेणे, हा सगळा वेळ शेतातल्या कामातून काढलेला असतो. ज्याचे शेत लहान आहे, घरात दोन-चार हात आहेत आणि शहर दोन तासांच्या आत आहे, त्याला हे गणित जमते. मोठ्या क्षेत्रावर एकच पीक घेणाऱ्याला बहुधा जमत नाही आणि त्याने त्याचा अट्टहास धरूही नये.

एक फायदा मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. गाळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाबद्दल लोक काय बोलतात हे तोंडावर ऐकायला मिळते. कोणते वाण चवीला आवडले, कोणती जुडी मोठी वाटली, पुढच्या आठवड्यात लोक काय मागतील, हे कळल्यामुळे तो पुढच्या हंगामात एकाऐवजी चार-पाच पिके लावतो आणि एका पिकाचा भाव पडला तर सगळेच बुडण्याची भीती कमी होते.

पण शेतकरी बाजारातला माल महाग असतो ना? मग गरिबाला त्याचा काय उपयोग?

या सगळ्या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे. शेतकऱ्याला चांगला भाव हवा असतो, गरीब कुटुंबाला स्वस्त अन्न हवे असते आणि या दोन्ही मागण्या रास्त असूनही एकमेकींच्या विरुद्ध जातात. मध्यस्थ काढून टाकला की दोघांचेही भले होते, हे वाक्य घोषणेला ठीक आहे, पण व्यवहारात मध्यस्थाचे काम कोणाला तरी करावेच लागते हे वर आलेच आहे. भाव खाली ओढला तर बाजारात शेतकरी टिकत नाही आणि वर चढू दिला तर तो बाजार सुखवस्तू लोकांची रविवारची सहल होऊन बसतो. अनेक शहरांत असे झाले आहे.

माल नेहमीच महाग असतो असेही नाही. ऐन हंगामात, आवक भरपूर असताना, ताज्या भाजीचा भाव मोठ्या दुकानाच्या बरोबरीने किंवा त्याहून कमीही असतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो चढा असतो. पण गरिबाची अडचण केवळ भावाची नसते. बाजार आठवड्यातून एकच दिवस, तोही सकाळी भरतो आणि त्या वेळी तो कामावर असतो. बाजारापर्यंतचे प्रवासभाडे वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होते. आणि आठवडाभराची पालेभाजी टिकवायला घरात शीतकपाट नसते. यांतली कोणतीही अडचण शेतकऱ्याने भाव कमी केल्याने सुटत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. भाव शेतकऱ्याला परवडेल असाच असावा आणि तो गरिबाला परवडावा यासाठी मधली तफावत सार्वजनिक पैशाने किंवा संघटित देणगीने भरून काढावी. जिथे असा तिसरा हात आहे तिथे बाजाराने भुकेला हात घातला आहे. जिथे तो नाही तिथे बाजार चांगला असूनही भुकेच्या प्रश्नाला शिवलेला नाही.

ही तफावत भरून काढण्याची पद्धत कशी असते?

सर्वांत रुळलेली पद्धत कूपनाची आहे. अमेरिकेच्या संसदेने १९९२ मध्ये गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुले असलेल्या अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी शेतकरी बाजारांत वापरायच्या कूपनांची योजना सुरू केली. २००१ मध्ये वृद्धांसाठी तशीच योजना प्रायोगिक पातळीवर आली. या कूपनांवर फक्त ताजी फळे, भाज्या आणि तत्सम माल मिळतो आणि ती नोंदणीकृत शेतकऱ्याकडेच चालतात. त्यामुळे सरकारने खर्च केलेला पैसा एकाच फेरीत दोन ठिकाणी पोहोचतो : कुटुंबाच्या ताटात आणि शेतकऱ्याच्या गल्ल्यात.

अन्नसाहाय्याच्या मुख्य योजनेची गोष्ट मात्र बोधप्रद आहे. तिच्यात पूर्वी कागदी कूपने होती आणि ती घ्यायला शेतकऱ्याला कोणतेही यंत्र लागत नसे. पुढे त्यांची जागा चुंबकीय पट्टीच्या कार्डाने घेतली आणि २००४ पर्यंत हा बदल देशभर पूर्ण झाला. गैरवापर रोखण्यासाठी केलेली ही सुधारणा होती. पण ज्या मोकळ्या मैदानात वीज नाही, दूरध्वनीची तार नाही, तिथे कार्डाचे यंत्र चालायचे कसे, याचा विचार कोणी केला नव्हता. परिणामी शेतकरी बाजारांतली या योजनेतून होणारी विक्री घसरली आणि ती सावरायला अनेक वर्षे लागली.

त्यातून निघालेला तोडगा जवळून पाहण्यासारखा आहे. बाजाराच्या तोंडाशी व्यवस्थापकाचे एक टेबल असते. गरजू ग्राहक तिथल्या एकमेव यंत्रावर आपले कार्ड लावतो, हवी ती रक्कम सांगतो आणि तेवढ्या किमतीचे लाकडी टोकन घेतो. मग तो इतरांसारखाच गाळ्यागाळ्यांवर फिरतो, भाव करतो, निवडून घेतो आणि टोकन देतो. टोकनावर रोख सुट्टे परत मिळत नाहीत, म्हणून शेतकरी हिशेब पुरा करायला जुडीभर कोथिंबीर किंवा दोन टोमॅटो वर टाकतो. बाजार उठताना शेतकरी टोकन मोजून टेबलावर देतात आणि त्यांचे पैसे त्यांना ठरल्या दिवशी चुकते होतात. काही बाजारांनी साधे बँक कार्ड वापरणाऱ्यांनाही टोकनच द्यायला सुरुवात केली, जेणेकरून टोकन हातात असलेला माणूस साहाय्य घेणाराच आहे हे रांगेतल्या कोणाला ओळखता येऊ नये. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण लाज वाटते म्हणून हक्काचे साहाय्य न घेणारी माणसे सगळीकडे असतात.

'कूपन दुप्पट' योजना म्हणजे काय?

साहाय्यातून मिळालेली ठरावीक रक्कम बाजारात खर्च केली की तेवढ्याच रकमेची जादा कूपने ताज्या भाजी-फळांसाठी मिळतात, अशी ही योजना आहे. न्यू यॉर्क शहराने २००५ मध्ये तिचे एक रूप सुरू केले. तिथे दर ५ डॉलरच्या खरेदीमागे २ डॉलरचे कूपन मिळत असे. डेट्रॉइट शहरात २००९ मध्ये पाच बाजारांत रक्कम सरळ दुप्पट करण्याचा प्रयोग झाला आणि तो पुढे इतर राज्यांत पसरला. अमेरिकेच्या २०१४ च्या कृषी कायद्याने अशा योजनांसाठी केंद्रीय निधीची तरतूद केली.

या योजनांचे मूल्यमापन करणाऱ्यांना सतत एक अडचण दिसली : पात्र असलेल्या अनेकांना योजना असल्याचेच ठाऊक नसते. फलक बाजारात लावून उपयोग होत नाही, कारण जो बाजारात येतच नाही त्याला तो दिसत नाही. दवाखाना, शाळा आणि साहाय्य कार्यालय येथे माहिती द्यावी लागते.

शाळेच्या भोजनाचा या सगळ्याशी काय संबंध?

आमच्या मते स्थानिक अन्न उपक्रमांपैकी सर्वांत भरीव काम इथेच होते, जरी त्याचे छायाचित्र बाजारासारखे रंगीत येत नसले तरी. शाळा ही रोजची, ठरलेल्या संख्येची आणि वर्षातले बहुतेक दिवस चालणारी गिऱ्हाईक आहे. लहान शेतकऱ्याला भावापेक्षाही जे मिळत नाही ते म्हणजे विक्रीची खात्री, आणि ती शाळा देऊ शकते. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ४६ कोटी ६० लाख मुलांना शाळेत जेवण मिळते. त्या ताटांतला काही भाग जरी जवळच्या शेतांवरून आला, तरी केवढी मोठी बाजारपेठ उभी राहील याचा अंदाज यावरून करता येईल.

ब्राझीलने यासाठी कायदाच केला. जून २००९ च्या कायद्याने असे ठरवले की, शालेय भोजनासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी वापरली जावी आणि त्यातही भूमिसुधारणेत जमीन मिळालेले, आदिवासी आणि पूर्वीच्या गुलामांचे वंशज असलेल्या समुदायांना प्राधान्य मिळावे. टक्केवारीइतकीच महत्त्वाची गोष्ट खरेदीच्या पद्धतीत होती. सर्वांत कमी दराची निविदा मागवली असती तर मोठा पुरवठादारच जिंकला असता. म्हणून कायद्याने निविदेऐवजी जाहीर आवाहनाची मुभा दिली, ज्यात भाव आधीच ठरलेला असतो आणि शेतकरी किंवा त्यांच्या सहकारी संस्था किती माल केव्हा देतील हे सांगतात. आहार ठरवण्याचे काम आहारतज्ज्ञाकडे असते. त्या भागात काय पिकते आणि केव्हा पिकते हे पाहून आहारतक्ता बनतो. आधी आहारतक्ता छापून मग माल शोधण्याची उलटी रीत इथे चालत नाही.

ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत त्यांच्या तक्रारीही ऐकल्या पाहिजेत. पैसे वेळेवर न मिळणे ही पहिली. मोठा पुरवठादार तीन महिने थांबू शकतो, दोन एकरांवर जगणारा थांबू शकत नाही. दुसरी तक्रार शाळेच्या स्वयंपाकघरातून येते : एकसारखी, सोललेली, कापलेली भाजी मिळण्याची सवय झालेल्या ठिकाणी मातीसकट कंदमुळांचे क्रेट येऊन पडले की तेवढेच हात दुप्पट कामाला लागतात.

एखाद्या शहराने हे सगळे एकत्र करून दाखवले आहे का?

ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते या शहराचे उदाहरण सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. १९९३ मध्ये महापौर पात्रुस अनानियास यांच्या कारकिर्दीत तिथे अन्न हा नागरिकाचा हक्क मानून अन्नपुरवठ्यासाठी स्वतंत्र खाते उघडण्यात आले. या खात्याने आसपासच्या ग्रामीण भागातील शेतकऱ्यांना शहरातल्या मोक्याच्या जागी थेट विक्रीची ठिकाणे दिली; सवलतीच्या दरात पोटभर जेवण देणारी लोकभोजनालये चालवली, जिथे अधिकारी, कामगार, विद्यार्थी आणि बेघर माणूस एकाच रांगेत ताट घेतात; आणि चांगल्या वस्तीत महापालिकेची जागा हवी असलेल्या खासगी दुकानदारांना अट घातली की सुमारे वीस जीवनावश्यक जिनसा पालिकेने ठरवलेल्या भावाने विकाव्यात आणि आठवड्याच्या शेवटी शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतही विक्री करावी. या शेवटच्या युक्तीत पालिकेने रोख अनुदान जवळपास दिलेच नाही. तिने जागेची किंमत अन्नात वसूल केली.

सगळ्या उपक्रमांचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या २ टक्क्यांहून कमी राहिला आणि २००९ मध्ये या धोरणाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अनानियास पुढे केंद्रात सामाजिक विकास मंत्री झाले आणि या अनुभवाचा काही भाग राष्ट्रीय धोरणात उतरला. ब्राझील २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून, म्हणजे उपासमार मोठ्या प्रमाणावर असलेल्या देशांच्या यादीतून, बाहेर पडला, नंतर पुन्हा त्यात गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर आला. या चढउताराचे श्रेय किंवा दोष एकट्या स्थानिक अन्न उपक्रमांना देणे चुकीचे होईल. किमान वेतन, गरीब कुटुंबांना मिळणारी रोख मदत आणि रोजगार यांचा वाटा मोठा आहे. भुकेवरचा कोणताही उपाय उत्पन्नाच्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

बाजार उठताना उरलेल्या मालाचे काय होते?

दुपार टळली आहे, गिऱ्हाईक पांगले आहे आणि शेतकऱ्यासमोर पालेभाजीचे दोन क्रेट शिल्लक आहेत. सकाळी सहा वाजता ताठ उभी असलेली पाने आता कडेने मलूल झाली आहेत. भाव निम्म्यावर आणला तर पुढच्या आठवड्यापासून लोक मुद्दाम उशिरा येऊ लागतील. परत नेला तर इंधन जाईल आणि माल उद्यापर्यंत टिकणार नाही. इथेच टाकला तर जागा अस्वच्छ केल्याचा दंड बसेल. या क्षणी कोणी रिकामे क्रेट आणि वजनकाटा घेऊन आले, माल मोजून पावती दिली आणि तासाभरात तो एखाद्या सामुदायिक स्वयंपाकघरात पोहोचवला, तर शेतकऱ्याचे ओझे हलके होते आणि संध्याकाळच्या जेवणात भाजी येते. सगळे यश त्या एका तासावर अवलंबून असते, म्हणून वाहन आणि ठरलेला माणूस या दोन गोष्टींची सोय आधी आणि सदिच्छेचे फलक नंतर, हा क्रम पाळावा.

उरलेले अन्न साठवून गरजूंना देणारी आधुनिक अन्नपेढी १९६७ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली. देणाऱ्याच्या मनात 'कोणाला बाधले तर आपल्यावर येईल' अशी धास्ती असते. ती दूर करण्यासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये सद्हेतूने अन्नदान करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण देण्यात आले. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगा न खपलेला माल नष्ट करण्यास बंदी केली आणि तो स्वयंसेवी संस्थांना देण्याचे करार करायला लावले.

एक सावधगिरी. वाया जाणारे अन्न गरिबांना द्यावे हा विचार चांगला असला, तरी गरिबांचे जेवण इतरांच्या उरल्यावर कायमचे अवलंबून ठेवणे हे धोरण होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के वाया गेले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा घरांचा होता. उरलेले अन्न घरातून गोळा करता येत नाही. त्यामुळे या मार्गाची मर्यादा उघड आहे.

'समाज बळकट होतो' असे म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय?

हा शब्दप्रयोग सैलपणे वापरला जातो हे मान्य. तरी त्यामागे काही पाहण्याजोगे, मोजण्याजोगे आहे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मोठी दुकाने आणि शेतकरी बाजार यांतील लोकांचे वागणे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दुकानांत लोक बहुधा एकटे येत आणि फारसे बोलत नसत, तर शेतकरी बाजारात ते सोबतीने येत आणि विक्रेत्यांशी व एकमेकांशी बऱ्याच अधिक गप्पा मारत, असे दिसले.

गप्पांनी पोट भरत नाही, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण दर आठवड्याला येणारी एकटी वृद्ध बाई दोन आठवडे दिसली नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. नव्याने आलेल्या कुटुंबाला साहाय्याचा अर्ज कुठे भरायचा हे गाळ्यावर उभ्या उभ्या कळते. आणि पूर, साथ किंवा टाळेबंदीच्या काळात अन्न कोणापर्यंत पोहोचवायचे याची यादी कागदावर नसली तरी लोकांच्या डोक्यात तयार असते. २०२० च्या साथीत लांबच्या पुरवठासाखळ्या अडखळल्या, तेव्हा ज्या ठिकाणी शेतकरी आणि ग्राहक एकमेकांना आधीपासून ओळखत होते तिथे घरपोच पेट्यांची व्यवस्था लवकर उभी राहिली. ओळख आयत्या वेळी निर्माण करता येत नाही.

आगाऊ वर्गणीची पद्धत काय आहे? ती फक्त सधन लोकांसाठीच नाही का?

ग्राहक हंगामाच्या सुरुवातीलाच शेतकऱ्याला पैसे देतात आणि नंतर दर आठवड्याला पिकेल त्यातला वाटा घेतात. पीक चांगले आले तर वाटा मोठा, गारपीट झाली तर लहान. जोखीम वाटून घेतली जाते आणि शेतकऱ्याला बियाण्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' या नावाने ही पद्धत वाढली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर येथे ती सुरू झाली आणि फ्रान्समध्ये २००१ मध्ये.

सधनांबद्दलचा आक्षेप बराचसा खरा आहे. हंगामाचे पैसे एकरकमी भरणे रोजंदारीवरच्या माणसाला शक्य नसते. काही शेतांनी त्यावर हप्ते, श्रमदानाच्या बदल्यात वाटा आणि ऐपतीप्रमाणे कमी-जास्त वर्गणी असे मार्ग काढले आहेत. तरीही ही पद्धत भुकेवरचा मुख्य उपाय म्हणून पुढे करू नये.

स्थानिक अन्न पर्यावरणाला नेहमीच चांगले असते का?

नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८३ टक्के उत्पादनाच्या टप्प्यावर आणि सुमारे ११ टक्के वाहतुकीत होत असल्याचे आढळले. अन्न किती लांबून आले यापेक्षा ते काय आहे आणि कसे पिकवले, याला अधिक महत्त्व आहे. स्थानिक बाजाराची बाजू मांडायला याहून चांगली कारणे आहेत.

असे बाजार बंद का पडतात?

बहुतेक वेळा पैशापेक्षा व्यवस्थापनामुळे. स्वयंसेवकांच्या उत्साहावर सुरू झालेला बाजार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थकतो, कारण पहाटे पाचला कुलूप उघडणारा, भांडणे मिटवणारा, परवाने भरणारा पगारी माणूस कोणी नेमलेला नसतो. काही ठिकाणी एकाच परिसरात दोन बाजार सुरू होतात आणि तेच ग्राहक विभागले गेल्याने दोन्हींकडच्या शेतकऱ्यांचा दिवस वाया जातो. गरीब वस्तीतला बाजार तर पहिली दोन-तीन वर्षे विक्रीच्या जोरावर उभा राहणे कठीणच. तिथे गाळेभाडे माफ करणे, शेतकऱ्याला किमान विक्रीची हमी देणे आणि बाजाराची वेळ संध्याकाळी ठेवणे यांवाचून गत्यंतर नसते. एका हंगामाचे अनुदान देऊन 'आता स्वतःच्या पायावर उभे राहा' असे सांगणाऱ्या योजना आम्हाला पैशाची उधळपट्टी वाटतात, कारण लोकांची सवय बदलायला लागणारा वेळ त्यांनी हिशेबातच धरलेला नसतो.

उपक्रम यशस्वी झाला हे कसे ओळखावे?

किती लोक आले हा आकडा फसवा आहे. त्यापेक्षा साहाय्याची कूपने वापरणारी कुटुंबे किती, त्यांतली पुढच्या महिन्यात परत किती आली, शेतकऱ्याच्या हाती सगळा खर्च वजा जाता किती उरले आणि पुढच्या हंगामात तो परत आला का, हे पाहावे. स्थानिक अर्थव्यवस्थेला मिळालेल्या लाभाचे आकडे तर विशेष जपून वाचावेत : बाजारात खर्च झालेला पैसा काही अंशी त्याच गावातल्या दुकानातून वळलेला असतो आणि ती वजाबाकी केल्याशिवाय छापलेला आकडा फुगलेला असतो.

आमच्या भागात असे काही सुरू करायचे असेल तर पहिले काम कोणते?

जागा शोधणे नव्हे. आधी ज्यांच्यासाठी हे करायचे त्या वस्तीत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : भाजी सध्या कुठून आणता, कोणत्या दिवशी हातात पैसे असतात आणि किती वाजता मोकळे असता. पगार ज्या दिवशी होतो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी भरलेला छोटा बाजार रविवार सकाळच्या मोठ्या बाजारापेक्षा अधिक गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचू शकतो. त्यानंतर पाच-सहा शेतकरी असे निवडावेत की सगळ्यांकडे एकच पीक नसेल आणि वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत काही ना काही माल येत राहील. मग कूपनांचा किंवा सवलतीचा निधी किमान दोन हंगामांसाठी हाती आल्याची खात्री करावी, उरलेला माल कोण, कोणत्या वाहनाने, किती वाजता उचलणार हे लेखी ठरवावे आणि शेवटी जागा, वजनकाटे, सावली, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय पाहावी. स्वच्छतागृहाचा मुद्दा शेवटी आला असला तरी विसरू नये. गाळ्यावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया पहिल्याच बाजारानंतर त्याबद्दल विचारतात आणि उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या बाजाराला येत नाहीत.